कापलेला कर परत मिळेल का?

ताईंनो, उल्हासनगरात घरी जीन्स शिवणारी एक ताई धरा. 2025-26 मध्ये तिची मजुरी झाली 1,80,000 रुपये. ठेकेदाराने 1 टक्का टीडीएस, म्हणजे 1,800 कापले. दुसरं उत्पन्न नाही. नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे सगळे 1,800 तिचेच! पण रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत.

आधी आयकर पोर्टलवर 26एएस उघडा. रक्कम तिथे दिसत नसेल तर ठेकेदाराला विचारा, लाजायचं काय त्यात? पॅन मात्र आधीच द्या, नाहीतर 20 टक्के कापतात. अंबरनाथ-बदलापूरला कंपन्यांचं मजुरीकाम घेणाऱ्यांनाही हेच गणित. रिफंड स्वतःच्या नावाच्या, पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच येतो; गटाचं खातं चालत नाही.