पाव फेरा

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होती. सुट्टीवर आलेली मुक्ता समोर लोळली होती.

आई : शेजारच्या काकू विचारत होत्या, मुक्ता नक्की करते काय? मी म्हटलं, चुंबकांवर संशोधन. पुढे गाडी अडली.

मुक्ता : बरोबरच सांगितलंस. फक्त माझं चुंबक फ्रिजला चिकटत नाही.

आई : मग ते चुंबक कसलं?

मुक्ता : इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो, ‘वर’ किंवा ‘खाली’. लोहचुंबकात अणूंचे स्पिन एकाच दिशेला, म्हणून ओढ जाणवते. काही पदार्थांत मात्र शेजारचा अणू नेमका उलटा, बेरीज शून्य. लुई नेल यांना या कामासाठी १९७० मध्ये नोबेल मिळालं.

आई : बेरीजच शून्य, तर हाती काय लागलं?

मुक्ता : ही फरशी बघ. एका चौकोनात पाकळी आडवी, शेजारच्यात उभी. समज, आडवीपाशी ‘वर’ स्पिन, उभीपाशी ‘खाली’. आता आडवा चौकोन उचलून उभ्याच्या जागी ठेव.

आई : नक्षी बिघडेल. पाव फेरा फिरवून ठेवावा लागेल.

मुक्ता : झालं! हाच अल्टरमॅग्नेट. नुसतं सरकवून जुळलं असतं, तर नेल यांचाच जुना प्रकार. हा फरक श्मेयकल, सिनोव्हा आणि युंगवर्थ यांनी २०२२ मध्ये नीट मांडला.

आई : पाकळ्यांनी विजेला काय फरक पडतो?

मुक्ता : ‘वर’वाल्यांना आडवी वाट सोपी, ‘खाली’वाल्यांना उभी. वीज तिरकी, कोपऱ्यातून कोपऱ्यात सोडली, की दोघं दोन बाजूंना कलतात. स्पिन वेगळे झाले, आणि बाहेर चुंबकत्व शून्यच! म्हणजे चिपवर एका चुंबकाचा त्रास शेजारच्याला नाही.

आई : आणि तू त्यात काय ढवळतेस?

मुक्ता : एका बाजूने ताण दिला, की आडवं-उभं सारखं राहत नाही, बरोबरी मोडते, थोडं चुंबकत्व उमटतं. पदार्थ एक-दोन अणुथरांचा असेल तर नुसत्या व्होल्टेजनेही काम होतं. अशाच पातळ क्रोमियम ट्रायआयोडाइडचा थर आम्ही चिकटपट्टीने सोलतो, तोही बंद पेटीत, कारण हवा लागली की तो खराब होतो. त्याच्या दोन थरांमधली उलटसुलट मांडणी संशोधकांनी २०१८ मध्ये व्होल्टेजने पालटून दाखवली. फक्त एका थरातलं चुंबकत्व उणे २२८ अंशांच्या वर टिकत नाही.

आई : मग फोनमध्ये कसं बसवणार?

मुक्ता : तोच तर वैताग. मँगनीज टेल्युराइड हा अल्टरमॅग्नेट पस्तीसेक अंशांपर्यंत टिकतो.

आई : म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात गेलाच!

मुक्ता : क्रोमियम अँटिमोनाइड चारशेच्याही वर टिकतो. पण रुथेनियम डायऑक्साइडची गंमत ऐक. सगळ्यांचा लाडका. २०२४ मध्ये त्यावर न्यूट्रॉन आणि म्यूऑन हे कण सोडून पाहिलं, तर त्यात चुंबकत्वच सापडेना! मला विचारशील तर त्याच्यावर पैज लावू नये.

आई : (मेथीचा देठ फरशीवर टेकवत) इथे बघ. गवंड्याने हा चौकोन न फिरवताच बसवलाय. शेजारी शेजारी दोन आडव्या. तुझ्याकडेही असं होत असेल की!

मुक्ता : होतं ना. तिथे इलेक्ट्रॉन ठेचकाळतात. परत गेले की तेच मोजायचंय.