नियम केला तेव्हा डोळ्यासमोर कोण होतं?



एप्रिल महिन्यात एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. ऊसतोडीहून नुकतीच परत आलेली एक ताई कर्ज मागायला उठली. आठ हजार हवे होते. मुलीची फी आणि एक शेळी, असा तिचा हिशेब होता. सचिवताईंनी नियमांची वही उघडून वाचून दाखवलं: सलग तीन बैठकांना जी सभासद येणार नाही तिला सहा महिने कर्ज नाही, आणि प्रत्येक गैरहजेरीला दंड. ही ताई तर दसऱ्यापासून गावातच नव्हती. कर्ज राहिलं बाजूला, दंडच अंगावर आला. ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली.

कुणी वाईट बोललं नाही. वही बरोबर होती, सचिवताईही बरोबर होत्या. पण घरी येताना माझ्या मनात एकच घोळत होतं. हा नियम आपण केला तेव्हा आपल्या डोळ्यासमोर कोणती बाई होती? बारा महिने गावात राहणारी, दर आठवड्याला बैठकीला येऊ शकणारी. जिचं पोट सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात भरतं, ती नव्हतीच.

या वेळचा पाठ त्याच्यावरच आहे. पैशाचा कुठलाही नियम घ्या, शेतसारा असो, व्याज असो नाहीतर बँकेचं कर्ज, त्याच्या पोटात माणसाबद्दलची एक समजूत असते. माणूस कसा वागतो, त्याला काय कळतं, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांच्या मुळाशीही अशाच समजुती असतात. समजूत चुकली तर काय होतं, त्याचा दाखला आपल्याच मुलखात, पुणे-नगरकडे आहे. फक्त गोष्ट सुरू होते लंडनपासून.

लंडनमध्ये डेव्हिड रिकार्डो नावाचा अर्थतज्ज्ञ होता. १८१७ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात त्यानं जमिनीच्या खंडाचा विचार मांडला. चांगल्या जमिनीत हलक्या जमिनीपेक्षा जे जास्त पिकतं, ते कसणाऱ्याच्या कष्टाचं नसतं, जमिनीच्या कसाचं असतं. मग सरकारनं त्या वाढाव्यावर कर घेतला तर शेतीला धक्का लागत नाही, असा त्यातून अर्थ निघाला. दुसऱ्याच वर्षी, १८१८ला पेशवाई गेली आणि पुण्याचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. पुढे काही वर्षांनी प्रिंगल नावाच्या साहेबानं पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी केली, ती हाच विचार धरून. पिकाची किंमत काढायची, लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उरेल त्यातले शंभरातले ५५ सरकारचे.

कागदावर हिशेब सुबक होता. पण जमिनीची मोजणी चुकली, प्रतवारी चुकली, धान्याचे भाव पडले, आणि वसुली मात्र चालूच राहिली. कागदावरच्या शेतकऱ्याकडे नेहमी काहीतरी शिल्लक राहत होतं. खऱ्याकडे राहत नव्हतं. लोक घरंदारं सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले, जमिनी पडीक पडल्या. शेवटी सरकारलाच ती पद्धत सोडावी लागली आणि १८३६च्या सुमारास इंदापूरपासून नव्यानं मोजणी सुरू झाली. नवी आकारणी ठरली ती तीस वर्षांसाठी.

आता व्याजाकडे वळू. हा विषय आपल्या रोजच्या कामाचा, म्हणून जरा थांबून बघू.

आपल्याकडे पूर्वापार दामदुपटीची रीत होती. म्हणजे व्याज मुदलाइतकं झालं की थांबायचं. शंभर दिले तर एका वेळी दोनशेच्या वर मागता येत नाही. यामागची समजूत अशी, की अडलेला माणूस कितीही व्याज कबूल करतो, म्हणून कुठंतरी रेघ मारायला हवी. रीत म्हणून ती चांगलीच होती. मात्र जुन्या काळी सगळं चांगलं होतं असं कृपा करून समजू नका. सावकार तेव्हाही होते.

इंग्लंडात जेरेमी बेंथम नावाच्या विचारवंतानं याच्या उलट बाजू मांडली. १७८७ साली, रशियात मुक्काम असताना, त्यानं पत्रांच्या रूपात व्याजाची बाजू घेणारं पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं: शहाणासुरता माणूस डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या मर्जीनं ज्या दरानं कर्ज घेतो, त्यात कायद्यानं नाक का खुपसावं? व्याजावर मर्यादा घातली तर गरजूला कर्जच मिळणार नाही, किंवा चोरून जास्त दरानं घ्यावं लागेल. बेंथम काही वेडा नव्हता. या बोलण्यात तथ्य आहे, आपणही ते पाहिलेलं आहे. पुढे इंग्लंडनं १८५४ला व्याजावरची बंधनं काढली आणि लगेच १८५५ला हिंदुस्थानातही ती निघाली. मुंबई इलाख्यातली कोर्टं हिंदू कर्जदारांपुरती दामदुपट पुढेही मानत राहिली, पण तिला वळसा घालणं सोपं होतं. नवं खत करायचं, म्हणजे जुनं व्याज मुदलात मिसळलं.

१८५९ला आणखी एक कायदा आला. कर्जाचं खत तीन वर्षांपुरतंच चालेल. हेतू चांगला, व्याज साचत जाऊ नये हा. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत करून घेऊ लागला. वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. शंभर रुपये, दर महिना शेकडा दोन, मधे काही फेड नाही. तीन वर्षांत व्याज ७२, नवं खत १७२ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी ते जवळजवळ २९६. आणखी तीन वर्षांनी ५०९. तेच खत न बदलता सरळ व्याज लावलं असतं तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते, आणि दामदुपट पाळली असती तर २००. दर तोच, माणूस तोच. फरक फक्त कागद बदलण्याचा.

आणि तो कागद वाचता कुणाला येत होता? बेंथमच्या मनातला कर्जदार डोळे उघडे ठेवून सही करणारा होता. दख्खनचा रयत अंगठा उठवत होता, तोही पेरणीच्या तोंडावर, नाहीतर साऱ्याचा तगादा लागल्यावर. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ कापसाला भाव आला तेव्हा सावकारांनी सढळ कर्ज दिलं. भाव उतरले तसा हात आखडला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला.

१२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि सावकारांची घरं-दुकानं गाठली. आज हे सुपे बारामती तालुक्यात आहे. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या गावोगाव पसरला. त्यात ध्यानात ठेवण्यासारखं एक आहे. सावकारांच्या जिवावर उठल्याचे प्रकार फार थोडे. लोक मागत होते खतं. खतं मिळाली की जाळत होते. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपण कशात अडकलोय ते त्यांना नेमकं कळलेलं होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. कोर्टानं नुसत्या खतावर जायचं नाही, कर्जाचा मागचा सगळा इतिहास उकलायचा, मूळ रक्कम किती होती ते शोधायचं. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करायची नाही. बघा, कायद्यातला माणूस बदलला. करार करणारे दोघं बरोबरीचे नसतात, हे सरकारनं कागदावर मान्य केलं. ही समजूत बदलायला सुप्याच्या बाजारात आगी लागाव्या लागल्या.

पुढचा टप्पा सहकाराचा. जर्मनीत रायफायझन यांनी खेड्यातल्या लोकांच्या पतसंस्था काढल्या होत्या. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, तेच तारण, असा विचार. त्या धर्तीवर आपल्याकडे १९०४ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. विचार मोठा होता, वाटचाल मात्र रखडली. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ला देशभर पाहणी केली तेव्हा शेतकरी घेत असलेल्या शंभर रुपयांतले जेमतेम तीन सहकारी संस्थांचे होते आणि जवळजवळ सत्तर सावकारांचे. त्या समितीनंच सांगितलं, जमिनीची मालकी बघून कर्ज देऊ नका, येणाऱ्या पिकावर द्या. म्हणजे ओळखीचं तारण म्हणता म्हणता पुन्हा सातबारा आलाच होता. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव कितीसं असायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१९९२ला नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्यांदा वेगळी समजूत पुढे आली. जिच्या नावावर काही नाही ती बाईसुद्धा कर्ज फेडते, तिची बचत आणि गटाचं दप्तर हेच तिचं तारण. आज दहा लाखांपर्यंतच्या गटाच्या कर्जाला बँक तारण मागू शकत नाही ते या समजुतीमुळे. पण या समजुतीलाही दुसरी धार आहे. एकीच्या हप्त्यासाठी नऊजणी तिच्या दारात उभ्या राहतात, तेव्हा विश्वासाचा धाक होतो. आंध्रात मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीनं इतका कहर झाला, की २०१०च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. आपल्या गावातही आठवड्याच्या हप्त्यावाल्या गाड्या येतात. त्यांच्या नियमात कोणती बाई बसवली आहे, तेही एकदा बघा.

आता पुन्हा त्या बैठकीकडे. मे महिन्यात मी हा सगळा हिशेब फळ्यावर मांडला आणि आपलीच वही पुढे ठेवली. दोन बैठका वाद झाला. एक ताई म्हणाल्या, नियम सैल केला तर उद्या गावात असणाऱ्याही येणार नाहीत. त्यांचं खोटं नव्हतं, हजेरीवरच गट टिकतो. अखेर ठराव झाला तो असा: जी सभासद ऊसतोडीला जाईल तिनं जायच्या आधी गटाला सांगायचं, बचत फोनवरून पाठवायची किंवा परत आल्यावर एकदम भरायची, त्या महिन्यांचा दंड नाही, कर्जाचा हक्क कायम. हप्ते ती गावात असेल त्या महिन्यांत बांधून द्यायचे. फोनवर आलेल्या पैशाची पावती कुणी लिहायची, यावर अजून एकमत नाही. तुमच्या गटानं काही सोय केली असेल तर महासंघाला कळवा.

ठराव झाला त्या दिवशी ती ताई बैठकीला आली होती. तोवर तिनं पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून घेऊन टाकली होती. मुलीची फी त्यातून भरली, शेळी घेतली नाही. दसऱ्याला ती दोघं पुन्हा कोयता घेऊन निघतील.