दूरच्या प्रवासाची शिदोरी

लांबच्या वाटेला निघालेला प्रवासी शिदोरी बांधून घेतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांस ही चिंता सहसा नसते. सूर्य त्यांना रोजचे अन्न पुरवितो. परंतु सूर्यापासून जसजसे दूर जावे, तसतसे त्याचे दान आटत जाते. गुरूपाशी पृथ्वीवरील उन्हाचा सुमारे पंचविसावा हिस्सा पोहोचतो, नेपच्यूनपाशी तर अवघा नऊशेवा. तेथे सौरघट काय कामाचे?

१९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने बाहेरच्या ग्रहांकडे व्हॉयेजर नावाची दोन याने धाडली. प्रत्येक यानावर तीन जनित्रे बसविली होती आणि त्यांत प्लुटोनियम-२३८ या मूलद्रव्याच्या ऑक्साइडचे गोळे भरले होते. या जनित्रांस कोणी अणुभट्टी समजू नये. अणुभट्टीत अणू फोडावे लागतात. येथे ते आपोआप क्षय पावतात. त्या वेळी बाहेर पडणारे कण त्या पदार्थातच अडतात आणि तो तापतो. दोन भिन्न पदार्थ जोडून एक सांधा तप्त व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून विद्युत्प्रवाह वाहतो. सीबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१ सालच्या प्रयोगांतून ही गोष्ट उजेडात आली होती. यानावर एकीकडे प्लुटोनियमची उष्णता, दुसरीकडे अवकाशाचा गारठा! ना चाक, ना दट्ट्या. झिजणारा एकही फिरता भाग नाही. आरंभी प्रत्येक यानास सुमारे ४७० वॅट वीज मिळे. साठ वॅटचे आठ दिवेदेखील तिच्यावर पुरते उजळले नसते.

पण शिदोरी ती शिदोरीच. प्लुटोनियम-२३८ सुमारे ८८ वर्षांत निम्मे उरते. सांधेही जुने होतात. त्यामुळे दरवर्षी सुमारे ४ वॅट वीज घटते. मग कोणते उपकरण जागे ठेवावे व कोणते निजवावे, हा कठीण निवाडा शास्त्रज्ञांस करावा लागतो. पहिल्या यानाने १९९० साली दूरवरून पृथ्वीचे ठिपक्याएवढे छायाचित्र घेतले आणि त्याचे कॅमेरे बंद करण्यात आले. याच यानाने २०१२ साली सूर्यवाऱ्याची सीमा ओलांडली. ते समजण्यास वैश्विक किरण मोजणाऱ्या ज्या उपकरणाचे मोठे साहाय्य झाले, तेही २०२५ च्या फेब्रुवारीत निजवावे लागले.

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी तिच्यात कोरलेली आहे. त्या तबकडीस मात्र या शिदोरीतील एक वॅटही लागत नाही.