आजोबा, पणजी आणि पूर्वज

नातेवाचक शब्दांत भाषा कोणते भेद राखते व कोणते सोडते हे पाहिले, म्हणजे समाजाची ठेवण पुष्कळशी ध्यानात येते. इंग्रजीत वडिलांचे वडील आणि आईचे वडील हे दोघेही 'ग्रँडफादर', व दोघांच्या माता 'ग्रँडमदर'. त्यामागील पिढ्यांसाठी 'ग्रेट' हे पद पिढीगणिक वाढवीत जावयाचे. यांतील 'ग्रँड' फ्रेंचमधून आला. तत्पूर्वी प्राचीन इंग्रजीत आजोबांस 'वृद्ध पिता' व पणजोबांस 'तिसरा पिता' अशा अर्थाचे शब्द होते.

मराठीतही बाजूचा भेद नाही, लिंगाचा मात्र आहे. संस्कृतात पितामह व मातामह, हिंदीत दादा व नाना निराळे. मराठीत दोन्हीकडे आजोबा-आजीच. मागे जावे तसे पणजोबा-पणजी, खापरपणजोबा-खापरपणजी. 'आजा' हा शब्द संस्कृत 'आर्यक' पासून प्राकृत 'अज्जअ' या रूपाने आला. भारतीय भाषा संस्थान १९६९ साली जेथे स्थापन झाले त्या म्हैसूरच्या कन्नडातही 'अज्ज', 'अज्जी', 'मुत्तज्ज', 'मुत्तज्जी' असेच आहे.

शब्दांची जोडी समान असली तरी त्यांचे भाग्य समान नसते. इंग्रजीतील 'बेलडॅम' म्हणजे एके काळी आजीच. पुढे त्याचा अर्थ कुरूप, कजाग म्हातारी असा झाला. आजोबावाचक 'ग्रँडसायर' वर असा प्रसंग आला नाही. 'फोरफादर्स' म्हणताना तर आज्या-पणज्यांचा उल्लेखच राहून जातो.

अनुवादकाची अडचण येथेच उभी राहते. 'ग्रँडपेरेंट' या शब्दातून आजी की आजोबा हे कळत नाही. मराठीत आजोबा लिहिले की एक स्त्री वंशावळीतून नाहीशी होण्याचा संभव असतो. 'एक जण म्हैसूरहून आला होता' म्हटल्यास क्रियापदच तिला पुरुष ठरविते. त्यापेक्षा 'आजी-आजोबांपैकी कोणाचे तरी मूळ गाव म्हैसूर होते' ही रचना निर्दोष होय.

'पूर्वज' शब्द व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी असला, तरी त्यात स्त्रियांचा समावेश होऊ शकतो. श्राद्धविधीतही पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचे स्मरण केले जाते. जेथे मूळ लेखकाला दोघेही अभिप्रेत असतील, तेथे 'पूर्वज स्त्री-पुरुष' असे स्पष्ट लिहावे. केवळ पुरुषपरंपराच अभिप्रेत असेल, तर तेही लपवू नये. लेखकाने केलेला भेद राखणे आणि न केलेला भेद पदरचा न घालणे, हे अनुवादाचे इमान होय.