रात्रीच्या आकाशदर्शनापूर्वीं दुर्बिणीची सिद्धता

आकाशदर्शन हा रात्रीचा उद्योग खरा. परंतु त्याचा निकाल बहुधा सूर्यास्ताच्या सुमारासच लागलेला असतो. पावसाळा सरला म्हणजे आपल्या बालाघाटाच्या पठारावर आकाश निवळतें, आणि गांवोगांवचे पालक मुलांस घेऊन शनि पाहावयास येतात. तासभर रांगेंत उभें राहून ज्याच्या वांट्यास एक मिनिट येतें, त्यास त्या मिनिटांत केवळ एक थरथरणारा ठिपका दिसला, तर "शनि म्हणजे एवढेंच काय?" असें म्हणून तो घरीं जातो, आणि बहुधा पुनः येत नाहीं. दोष शनीचा नसतो. पुष्कळदां तो ढिल्या राहिलेल्या एका स्क्रूचा असतो.

तयारीचें मोल काय असतें, हें आपल्या शेजारींच एकदां दिसून आलें. परंड्याच्या पश्चिमेस, करमाळा तालुक्यांत, लोहमार्गावर जेऊर हें गांव आहे. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया त्यावरून गेली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगींतून पुण्यास १८८८ सालीं निघालेली वेधशाळा प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे चालवीत असत. ते आपलीं यंत्रें घेऊन जेऊरास आले. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांची तुकडीही तेथेंच उतरली. खग्रास अवस्था टिकली सुमारें दोन मिनिटें! साता समुद्रांपलीकडून पेट्या आणावयाच्या, यंत्रें उभारावयाचीं, आणि तें सारें दोन मिनिटांसाठीं. म्हणूनच असल्या मोहिमांत प्रत्येकानें आपलें काम, मग तें झांकण काढण्याचें असो वा सेकंद मोजण्याचें, आधीं घड्याळ लावून पुनः पुनः करून पाहण्याचा प्रघात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांतील पांच मूर्ख कुमारींस तेल नको होतें असें नव्हे. तें केव्हां घ्यावयाचें, एवढेंच त्यांस उमगलें नव्हतें.

आतां शाळेंत ठेवतां येईल अशी सहा इंची आरशाची दुर्बीण डोळ्यांपुढें आणूं. पहिलें काम दिवसाउजेडीं करावयाचें. मोठ्या नळींतून आकाशाचा फारच लहान तुकडा दिसत असल्यामुळें तिच्या पाठीवर एक छोटी शोधक दुर्बीण बसविलेली असते. मैलभर दूरच्या पाण्याच्या टाकीचें टोंक मोठ्या दुर्बिणींत मधोमध आणावें, आणि मग छोटीचे स्क्रू फिरवून तेंच टोंक तिच्या फुलीवर आणावें. हें काम सूर्याकडे पाठ करूनच केलें पाहिजे. दुर्बिणींतून नजर सूर्यावर गेली, तर डोळ्याचा पडदा क्षणांत भाजतो. त्या पडद्यास वेदना कळत नाहींत, म्हणून मूल ओरडतही नाहीं. पालकांनीं दिवसां उघड्या दुर्बिणीपाशीं मुलास एकटें सोडूं नये. मोठीस झांकण घालून छोटी तशीच उघडी ठेवणारे पुष्कळ आढळतात. धोका दोहोंतही आहे.

सूर्य मावळला कीं दुर्बीण बाहेर काढून ठेवावी. आपल्याकडे हिंवाळ्यांत दुपारीं ऊन आणि रात्रीं गारठा. खोलींत उबलेला जाड कांचेचा आरसा सावकाश थंड होतो, आणि तोंवर त्यावरून उठणारी ऊन हवा नळींत खळबळत असते. तापल्या सडकेवरून दूरची बैलगाडी जशी लहरतांना दिसते, तसा मग शनि दिसतो. तासभर तरी आरशास द्यावा. जागाही मातीची किंवा गवताची पाहावी. सिमेंटची गच्ची दिवसभर प्यालेलें ऊन रात्रीं कितीतरी वेळ ओकीत असते.

यानंतर दोन आरशांची एकमेकांशीं जुळणी पाहावी. नेत्रभिंग काढून त्या जागीं मधोमध बारीक छिद्र पाडलेलें टोपण लावावें आणि त्यांतून आंत पाहावें: छोटा आरसा, त्यांत मोठ्याचें प्रतिबिंब, सारीं वर्तुळें एकांत एक दिसलीं पाहिजेत. प्रवासाच्या धक्क्यांनीं हीं हमखास सरकतात. अंधार पडल्यावर एखादा तेजस्वी तारा मधोमध आणून मुद्दाम किंचित् अस्पष्ट करावा. त्याभोंवतीं एककेंद्री वर्तुळें उमटलीं तर ठीक, एका अंगास कललीं तर स्क्रू पुनः फिरवावा. आरसा निवण्यापूर्वीं मात्र ही परीक्षा घेऊं नये. आरशावर धूळ दिसली म्हणून रुमाल घेऊन पुसावयास लागणें हा शुद्ध अपराध होय! धुळीनें प्रकाश किंचित् घटतो. ओरखडा जन्माचा राहतो.

तारा अस्पष्ट करून दोष उघडा पाडणें, याच जातीची एक युक्ति हैदराबादेस योजिली जात असे. आपला जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. नवाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं तेथें स्थापिलेल्या निजामिया वेधशाळेनें पुढें आंतरराष्ट्रीय आकाश-नकाशाचा एक पट्टा अंगावर घेतला. या नकाशाच्या कामांत प्रत्येक छायाचित्राच्या कांचेवर पांच-पांच मिलिमीटरांची चौकट प्रकाशानें वेगळी उमटवीत असत. कांच धुतां-वाळतांना तिच्यावरील लेप सरकला, तर चौकटीच्या रेघाही सरकत, आणि तो फरक मोजतां येई. आपल्या हातून चूक होणारच नाहीं असें त्या लोकांनीं धरिलें नव्हतें. ती झाल्यास लपूं नये, एवढी व्यवस्था त्यांनीं केली होती.

तिपाई समतल करून तिचे सर्व स्क्रू आवळावे. तारा जसजसा सरकतो तसतशी फिरणारी बैठक असेल, तर तिचा आंस ध्रुवाकडे रोखावा लागतो. धाराशिव सुमारें १८ अंश अक्षांशावर असल्यामुळें येथें ध्रुवतारा क्षितिजापासून तितक्याच उंचीवर, म्हणजे बराच खालीं, असतो. विलायती पुस्तकांतील चित्रांत हा आंस चांगला उभा दाखविलेला असतो. तें पाहून फसूं नये. उत्तरेकडे कडुनिंब किंवा शेजाऱ्याची माडी आड येत नाहीं ना, हें उजेड असतांनाच पाहून ठेवावें.

बॅटरी भरलेली असावी आणि दिव्यास तांबडा कागद लावावा. अंधारास डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. रांगेंत एकानें मोबाइल उघडला कीं साऱ्यांची ती मिनिटें वायां जातात. पहांटे नळीवर दंव पडलें असेल, तर तें आपोआप सुकूं द्यावें आणि मगच झांकण घालावें.