पोटातले पहारेकरी

‘जीवाणू’ हा शब्द ऐकताच आपल्याला आजार आठवतो. उर्दूत आपण ‘जरासीम’ म्हणतो आणि हात धुवायला धावतो. हात धुवावेतच, पण सगळे जीवाणू आपले शत्रू नसतात. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

विषाणू मात्र वेगळे. जीवाणू स्वतः वाढू शकतो. विषाणूला वाढण्यासाठी दुसऱ्याच्या पेशीत शिरावे लागते. सर्दी, गोवर हे विषाणूंचे आजार आहेत. लहान बाळांना जुलाब व उलट्या होतात, त्यामागे पुष्कळदा ‘रोटा’ नावाचा विषाणू असतो. आपल्या जिवतीच्या डोंगरात एखाद्या दूरच्या गुड्यावर बाळाच्या अंगातले पाणी असे कमी झाले, तर दवाखाना गाठेपर्यंत जिवावर बेतते.

या विषाणूबद्दल अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात एक नवल दिसले. काही उंदरांना रोटा विषाणूची बाधाच होईना! शोध घेतला तेव्हा त्यांच्या आतड्यात धाग्यासारखे जीवाणू सापडले. या जीवाणूंमुळे आतड्याच्या अस्तरातील जुन्या पेशी लवकर गळत होत्या आणि नव्या येत होत्या. मग विषाणूने मुक्काम करावा कोठे? हा शोध २०१९ साली प्रसिद्ध झाला.

त्याआधी २०११ साली येल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांना प्रतिजैविके, म्हणजे जीवाणू मारणारी औषधे दिली. पोटातले जीवाणू घटले. नंतर फ्लूचा विषाणू आला, तेव्हा त्या उंदरांची फुप्फुसे त्याच्याशी नीट लढू शकली नाहीत. आतड्यातले जीवाणू जणू पहारेकरी आहेत. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला, म्हणजे ‘कुव्वत-ए-मुदाफिअत’ला, जागे ठेवतात. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसांविषयी अभ्यास अजून चालू आहे.

यातून आपण काय शिकावे? प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाहीत. पोटातले पहारेकरी मात्र मरतात. म्हणून साध्या सर्दीसाठी दुकानातून मनाने गोळ्या आणू नका. डॉक्टरांनी दिल्या, तर सांगितले तितके दिवस घ्या. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, रानभाज्या खा. त्यांतला तंतू आपल्याला पचत नाही, पण जीवाणूंचे ते अन्न आहे.

तरीही केवळ पहारेकऱ्यांवर विसंबू नका. रोटा विषाणूची लस सरकारी लसीकरणात बाळांना मोफत मिळते. अशी एक लस आपल्या पुण्यातही तयार होते. घरातल्या बाळाला जुलाब लागले, तर लगेच जलसंजीवनी पाजायला सुरुवात करा, आईचे दूध चालू ठेवा आणि आशाताईंना बोलवा. हे घरी अम्मी-अब्बांनाही समजावून सांगा.

स्वाध्याय
१. जीवाणू आणि विषाणू यांत काय फरक आहे?
२. धाग्यासारखे जीवाणू रोटा विषाणूला कसे अडवतात?
३. सर्दी झाल्यावर मनाने प्रतिजैविके का घेऊ नयेत?