डाव्या कुशीवर वळा

लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला, डॉक्टरी भाषेत रुमॅटिक फीव्हर. ताप गेला, पण जाताना हृदयाची मायट्रल झडप आकसवून गेला. तेव्हापासून टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी होणारी हृदयाची तपासणी, पाठीमागे लागला आहे. ओळखीत कुणालाही इको लिहून दिला की फोन मला येतो. त्यांना सांगते ते असं :

१. उपाशी जाऊ नका. साध्या इकोला चहा-नाश्ता चालतो, रोजच्या गोळ्याही घ्यायच्या. ट्रेडमिलवर चालवून करतात तो स्ट्रेस इको आणि घशातून नळी घालून करतात तो टीईई, यांचे नियम वेगळे. टीईईला साधारण सहा तास पोट रिकामं लागतं. कोणता इको आहे, हे नंबर लावतानाच विचारा.

२. बायकांचा खरा प्रश्न कपड्यांचा असतो, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नाही. छाती उघडी करावी लागते. गाऊन देतात, नाही दिला तर मागा. तपासणारे पुरुष असतील तर नर्सला थांबायला सांगा, यात भीड कसली? समोर बटणं असलेला कुर्ता सोयीचा. मी ओढणीही नेते.

३. डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्याखाली घ्यायला लावतात. त्याने हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि फुप्फुस थोडं बाजूला होतं. हवेतून इकोच्या ध्वनिलहरी नीट जात नाहीत, म्हणून तर तो गार, चिकट जेल. ‘श्वास सोडा, थांबा’ म्हणतात तेही त्यासाठीच. ध्वनिलहरी सोडणारा प्रोब बरगड्यांच्या फटीत दाबतात तेव्हा कळ येते. सांगितलं तर हात हलका करतात.

४. मध्येच मशीन फस्स-फस्स आवाज करतं. तो डॉप्लर, रक्ताचा वेग मोजणारा. पडद्यावर लाल-निळं दिसलं की शेजारच्या काकू हमखास म्हणणार, निळं म्हणजे अशुद्ध रक्त. तसं नाही. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल दाखवतात, दूर जाणारं निळं.

५. तपासणारा गप्प असतो, कारण तो मापं घेत असतो. त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजू नका.

६. यात एक्स-रेसारखे किरण नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा केला तरी भीती नाही. त्याची सुरुवातही गमतीची : 1953 साली स्वीडनमधल्या लुंड इथे डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ या दोघांनी धातूतले दोष शोधायचं यंत्र गोदीतून मागून आणलं आणि हृदयावर लावून पाहिलं. एडलरना शोध होता आकसलेल्या मायट्रल झडपेचा. म्हणजे आम्हा लोकांमुळेच ही तपासणी जन्माला आली, असं मी जरा ऐटीत सांगते.

७. रिपोर्टमध्ये सगळे ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, शोधतात आणि साठ टक्के बघून तोंड पाडतात. ते परीक्षेचे गुण नव्हेत! निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला सगळं रक्त बाहेर टाकत नाही. 55 ते 70 टक्के म्हणजे उत्तम. ‘ट्रिव्हियल’ गळती कित्येक धडधाकट माणसांत असते. माझा आकडा निराळा. मायट्रल झडपेचं तोंड एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं, दीडवर किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर. माझं त्याखाली गेलं तेव्हा फुगा घालून झडप रुंद केली. जुने रिपोर्ट जपून ठेवले होते, म्हणून ती किती वेगाने आकसत गेली हे डॉक्टरांना दिसलं. तेव्हा जुनी फाइल घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

८. इको हृदयाचे स्नायू, कप्पे, झडपा दाखवतो. रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज थेट दाखवत नाही. इको नॉर्मल आला, पण जिना चढताना छाती भरून येते, तर रिपोर्ट कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांकडे परत जा. आणि बसल्या जागी छातीत दुखून घाम फुटला, तर नंबर लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.